वाद्यवृंद आणि वृंदगान चालवणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वांसाठी खुल्या असलेल्या संगीतशाळेत गट चालवणारी माणसं बहुतेकदा मुळात शिक्षक असतात. व्हायोलिन शिकवता शिकवता किंवा पियानोवर साथ करता करता एक दिवस कुणीतरी म्हणतं, 'पुढच्या महिन्यापासून गट तुम्हीच घ्या', आणि हातात कंडक्टरची छडी येते. खालचे प्रश्न अशा शिक्षकांनी, त्यांच्या गटात वाजवणाऱ्यांनी आणि मुलांच्या पालकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. उत्तरांत माझी मतं मिसळलेली आहेत. ती वेगळी काढत बसले नाही.

कंडक्टर नेमकं करतो काय? आवाज तर वादकच काढतात.

कंडक्टर म्हटलं की अनेकांना आधी बसमधला आठवतो, आणि ते अगदीच चुकीचं नाही. गाडी चालवतो दुसराच, पण याने घंटी दिल्याशिवाय ती हलत नाही.

कार्यक्रमात जे दिसतं ते त्याच्या कामातलं सगळ्यात लहान काम. प्रत्येक वादकासमोर फक्त त्याची स्वतःची ओळ असते. क्लॅरिनेटला बत्तीस बार (बार म्हणजे तालाचा एक छोटा कप्पा, त्यातली एकेक मात्रा म्हणजे बीट) विश्रांती असेल तर त्या बत्तीस बारांत बाकीचे काय करतात हे त्याच्या कागदावर लिहिलेलं नसतं. सगळ्या ओळी एकाखाली एक असलेला स्कोअर एकट्या कंडक्टरकडे असतो. लय किती ठेवायची, श्वास कुठे घ्यायचा, कुणी वर यायचं आणि कुणी मागे सरायचं हे तो घरी बसून ठरवतो, तालमीत ते बसवतो आणि कार्यक्रमात त्याची आठवण करून देतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेतली तर पुढचं बरंच सोपं होतं: आत्ता वाजतंय ते हाताने दाखवायचं नसतं, आता वाजणार आहे ते दाखवायचं असतं. हात आवाजाच्या मागे गेला की तुम्ही कंडक्टर उरत नाही, ताल धरणारा श्रोता होता.

मग कंडक्टरशिवाय गट चालतच नाही का?

चालतो. मॉस्कोत १९२२ साली 'पर्सिम्फान्स' नावाचा कंडक्टरविना ऑर्केस्ट्रा उभा राहिला आणि सुमारे दहा वर्षं टिकला. एकमेकांचे चेहरे दिसावेत म्हणून ते वादक वर्तुळात बसत. न्यूयॉर्कचा 'ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा' १९७२ पासून याच पद्धतीने वाजवतो. मात्र कंडक्टर जे एकटा ठरवतो ते अशा गटात सगळ्यांनी बोलून ठरवायचं असतं, त्यामुळे तालमीला वेळ जास्त लागतो.

आठ-दहा जणांचा गट असेल तर मी शिक्षकांना सांगते, समोर उभे राहूच नका. गटात बसा, पहिलं व्हायोलिन घ्या आणि गजाच्या हालचालीने व श्वासाने सुरुवात द्या. लहान गटापुढे हात हलवणारा माणूस मुलांना एकमेकांकडे बघू देत नाही.

छडी लागतेच का?

नाही. वृंदगान चालवणारे अनेक जण मोकळ्या हातानेच काम करतात. बोटांनी शब्दांचे शेवट आणि स्वरांचा गोलावा जास्त चांगला दाखवता येतो. वाद्यवृंद मोठा असला की छडी उपयोगी पडते, कारण तिचं फिकट रंगाचं टोक दूरवरूनही स्पष्ट दिसतं. जर्मन संगीतकार मेंडेलसोनने १८३५ पासून लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्राची धुरा घेतली तेव्हा तो छडी वापरत असे, आणि त्या शतकात ती हळूहळू सगळीकडे रुळली.

त्याआधी काय चालायचं याची एक गोष्ट विद्यार्थ्यांना फार आवडते. फ्रान्सच्या राजदरबारातला संगीतकार जाँ-बाप्तीस्त ल्युली जाडजूड काठी जमिनीवर आपटून ताल देत असे. १६८७ च्या जानेवारीत ती त्याच्या पायाच्या बोटावर बसली. जखम चिघळली, त्याने पाय कापू द्यायला नकार दिला आणि मार्चमध्ये तो गेला. आजची छडी हलकी असते. तरी ती मुठीत आवळून धरणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा खांदा तासाभरात भरून येतो. अंगठा आणि तर्जनीत सैल धरा, बाकीची बोटं नुसती टेकलेली.

आमची सुरुवात कधीच एकत्र होत नाही. काय चुकतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पहिली बीट सहसा बरोबर असते. चुकते ती तिच्या आधीची.

सूर काढण्याआधी प्रत्येकाला काहीतरी करायचं असतं. गायकाला श्वास घ्यायचा असतो, ट्रम्पेटवाल्याला ओठ बसवायचे असतात, चेलोवाल्याला गज तारेवर टेकवायचा असतो. त्यासाठी एका बीटची पूर्वसूचना लागते. हात वर जाण्याच्या त्या एका हालचालीतून तीन गोष्टी कळायला हव्यात: लय किती, आवाज केवढा, सुरुवात तुटक की सलग. हात हळूच वर गेला आणि झपकन खाली आला, तर गटाला दोन वेगळ्या लयी दिसतात. मग अर्धे एक पकडतात, अर्धे दुसरी.

उपाय साधा आहे, पण सवय व्हायला महिने जातात. हात वर नेताना तुम्ही स्वतः श्वास घ्या, पहिल्या रांगेला ऐकू येईल असा. फक्त गायकांसाठी नाही. व्हायोलिनवालेही त्या श्वासावर वाजवतात. हात उचलण्याआधी मनगटाची बारीक थरथर, चष्मा सावरणं, छडी स्टँडवर टकटक करणं हे सगळं बंद. गटाला त्यातली कुठली हालचाल खरी हे कळत नाही.

तालमीत हे करून बघा. गटाला डोळे मिटायला सांगा आणि नुसत्या तुमच्या श्वासावर सगळ्यांनी मिळून एक टाळी वाजवायची. पहिल्या दोन-तीन वेळा पाऊस पडल्यासारखं ऐकू येईल. दहाव्या वेळेपर्यंत एकच टाळी होते. मग डोळे उघडून, हात बघून, वाद्यावर.

लय मनात कशी धरायची, हेही सांगते. रचनेची पहिली ओळ गुणगुणू नका, सगळ्यात भरगच्च ओळ गुणगुणा. पहिली ओळ बहुधा संथ आणि सोपी असते, तिच्यावरून लय ठरवली की पुढे एका मात्रेत चार सूर आले की गोंधळ होतो. माझा एकदा कार्यक्रमात घाबरून हात ठरल्यापेक्षा कितीतरी वेगात वर गेला. गटाने इमानेइतबारे तीच लय उचलली आणि मधल्या भागात व्हायोलिनं अक्षरशः धापा टाकत होती. नंतर कुणी काही बोललं नाही. चेलो वाजवणाऱ्या काकांनी तेवढं विचारलं, 'आज शेवटची गाडी पकडायची होती का?'

हाताच्या खुणा कुठल्या शिकाव्यात?

चारचा ठोका खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. तीनचा खाली, उजवीकडे, वर. दोनचा खाली-वर. सहाचा संथ असेल तर सहा खुणा, जलद असेल तर दोनच. एवढ्यावर सुरुवातीची कित्येक वर्षं निघतात.

तबल्याकडून आलेल्या शिक्षकांना इथे एक अडचण येते. त्यांना पहिली बीट समेसारखी वाटते आणि ते तिच्यावर वजन टाकतात. सम ही फिरून येऊन पोहोचायची जागा आहे; बारची पहिली बीट बऱ्याचदा नुसती मोजणीची रेघ असते, वाक्य तिच्यावरून सरळ पुढे जातं. प्रत्येक बारला सम दिलीत तर रचना दर चार पावलांवर ठेचकाळते.

डावा हात काय करतो?

बराच वेळ काहीच नाही, आणि ते ठीक आहे. उजव्या हाताची नक्कल आरशासारखी डाव्याने करायची, ही सर्वांत सामान्य खोड. तो मोकळा ठेवला तर गरजेला कामी येतो: अमक्याने यायचं, तमक्याने आवाज कमी करायचा, शेवटचा सूर धरून ठेवायचा. घरी सराव करताना डाव्या हातात पाण्याचा भरलेला पेला धरा आणि उजव्याने चारचा ठोका द्या. सांडलं की कळतं.

मागच्या रांगेतले नेहमी उशिरा येतात. ते आळशी आहेत का?

आळशी नाहीत, पुढच्यांना ऐकून वाजवताहेत. आवाज २० अंश सेल्सियसच्या हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटर मागे बसलेल्या ट्रॉम्बोनपर्यंत पुढच्या व्हायोलिनचा सूर पोहोचायला २९ मिलिसेकंद लागतात. त्याने तो ऐकून वाजवलं, तर त्याचा सूर पुढे यायला आणखी २९. मिनिटाला १२० बीट आणि एका बीटमध्ये चार सूर असतील तर एक सूर १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे जवळजवळ अर्ध्या सुराची दिरंगाई, कुणाचीही चूक नसताना.

म्हणून मागच्यांना सांगायचं: डोळ्यांनी वाजवा, कानांनी नाही. त्यांना स्वतःला आपण घाई करतोय असं वाटलं पाहिजे. त्यासाठी त्यांना तुमचा हात दिसायला हवा, म्हणून खुर्च्या मांडून झाल्यावर शेवटच्या खुर्चीवर स्वतः बसून बघा. माझ्या अनुभवात निम्मे 'उशीर करणारे' नुसते कुणाच्या तरी डोक्यामागे बसलेले असतात.

सूर जुळवताना ओबोकडून का घेतात? आमच्याकडे ओबो नाही.

ओबोचा सूर स्पष्ट, भेदक असतो आणि तो फारसा हलत नाही, म्हणून ही रीत पडली. ओबो नसेल तर ट्यूनरवरून (सूर मोजणाऱ्या यंत्रावरून) कुणीही स्थिर वाजवणाऱ्याने सूर द्यावा. पियानो गटात असेल तर प्रश्नच मिटतो. त्याला हलवता येत नाही, बाकीच्यांनीच त्याच्याकडे जायचं.

सूर कोणता? हार्मोनियमवरची पांढरी सहा, म्हणजे 'ए', सेकंदाला ४४० कंपनं. १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा आकडा ठरला आणि १९७५ च्या आयएसओ मानकातही तोच आहे. युरोपातले काही ऑर्केस्ट्रा ४४२ किंवा ४४३ वर जुळवतात, त्यामुळे बाहेरचा वादक बोलावलात तर आधी विचारून घ्या.

एकदा जुळवलं म्हणजे झालं, असं मात्र नाही. हवा एक अंशाने तापली की फुंकवाद्यांचा सूर साधारण तीन सेंट चढतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). उलट तारा तापून सैलावतात आणि उतरतात. प्रखर दिव्यांखालच्या रंगमंचावर दोन्ही बाजू एकमेकींपासून लांब जातात, म्हणून मध्यंतरानंतर पुन्हा जुळवणं सोडू नका. आणि बंद पेटीतून काढलेल्या थंड बासरीवर जुळवणं फुकट आहे. आधी पाच मिनिटं वाजवू द्या.

क्लॅरिनेटवाला मुलगा 'सी' (पांढरी एक) वाजवतो आणि पियानोशी जुळत नाही. वाद्य बिघडलंय का?

वाद्य ठीक आहे. नेहमीची क्लॅरिनेट 'बी फ्लॅट'ची असते: कागदावर 'सी' लिहिलेला असतो तेव्हा तिच्यातून काळी पाच ऐकू येते. ट्रम्पेटचंही तसंच. आल्टो सॅक्सोफोनच्या 'सी'तून काळी दोन येते, फ्रेंच हॉर्नच्या 'सी'तून पांढरी चार. बासरी, ओबो, ट्रॉम्बोन, व्हायोलिन जे लिहिलंय तेच वाजवतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की 'सगळ्यांनी ए द्या' म्हणालात तर गोंगाट होईल. पांढरी सहा मिळवायला क्लॅरिनेटने आपला 'बी' वाजवायचा, आल्टो सॅक्सोफोनने 'एफ शार्प', हॉर्नने 'ई'. फुंकवाद्यांच्या बँडमध्ये म्हणूनच काळी पाचवर जुळवायची पद्धत आहे; तिथे ती बहुतेकांच्या हाताला आणि ओठाला सोपी पडते. ही चार वाक्यं स्कोअरच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. मी अजूनही बघते.

गटात एक जण दहा वर्षं वाजवतोय आणि एक सहा महिने. दोघांना एकत्र कसं वाजवायचं?

एकच कागद दोघांना देऊन नाही. खुल्या शाळेतल्या शिक्षकाचं खरं कसब इथे लागतं आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत, कारण ते रात्री घरी पेन्सिल घेऊन होतं.

सहा महिन्यांच्या व्हायोलिनवाल्यासाठी ओळ नव्याने लिहा: मोकळ्या तारांवर येणारे सूर, प्रत्येक बारची पहिली बीट, लांब धरलेले स्वर. पण एक पथ्य पाळा. त्या ओळीत निदान एक जागा अशी ठेवा की तो नसेल तर भोक पडेल. शेवटून दुसऱ्या बारात एकच पिझिकाटो (बोटाने छेडलेला सूर), पण तो त्याचाच. नुसता 'तूही वाजव मागून' असा भरणा मुलांना तिसऱ्या तालमीत कळतो आणि चौथ्या तालमीला पोट दुखायला लागतं.

अनुभवी वादकाचीही सोय बघा. त्याला वरच्या सप्तकात जोडओळ द्या, सोलो द्या, किंवा सेक्शनची, म्हणजे एकाच वाद्याच्या वादकांची, वेगळी तालीम घ्यायला सांगा. बसवताना नवख्याला शेवटच्या खुर्चीवर एकटं टाकू नका. दोन खंबीर वादकांच्या मध्ये बसवा. तंतुवाद्यांत दोघांत एक स्टँड असतो, पान उलटायचं काम आतल्या बाजूच्याचं. नवखा आत बसला तर पान उलटण्याच्या निमित्ताने आपण कुठे आहोत हे त्याला शोधावंच लागतं.

ओळी बदलताना रचना हक्कमुक्त आहे ना, हे पाहा. अनेक देशांत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत हक्क राहतात, काही ठिकाणी मुदत वेगळी आहे. हक्क शिल्लक असतील तर बदल करायला आणि पार्टच्या (एकेका वादकाच्या कागदाच्या) छायाप्रती काढायलाही परवानगी लागते. आणि जुन्या रचनेची नवी मांडणी कुणी केली असेल, तर त्या मांडणीचे हक्क वेगळे असतात.

किती शिकल्यावर मूल गटात घ्यावं?

लवकर. व्हेनेझुएलात होसे अँतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली सुरू केलेल्या 'एल सिस्तेमा' या संगीतशिक्षणाच्या उपक्रमाचा पायाच हा आहे की मूल अगदी सुरुवातीपासून ऑर्केस्ट्रात बसून शिकतं. वाद्य पूर्ण आलं की गट, असा क्रम लावला तर गट कधीच येत नाही, कारण वाद्य पूर्ण कुणालाच येत नाही. माझी अट एवढीच: ठोका चालू असताना चुकलं तरी न थांबता पुढच्या बारात परत येता आलं पाहिजे. सूर नंतर सुधारतात.

नव्वद मिनिटांच्या तालमीत वेळ कसा वाटायचा?

जे येतं त्याने सुरुवात, अवघड ते मधे, आणि शेवटी काहीतरी अखंड वाजवून घरी पाठवणं. मिनिटांचा हिशेब तुमच्या गटाप्रमाणे बदलेल.

त्यापेक्षा थांबवल्यावर तुम्ही काय बोलता, याकडे लक्ष द्या. बहुतेक तालमी भाषणात बुडतात. थांबलात की आधी सांगा कुणी, मग कुठे, मग काय: 'दुसरं व्हायोलिन, बार ४२, हळू.' आणि लगेच हात वर. एका थांब्याला एकच गोष्ट. 'जरा भाव आणा' म्हणाल तर चाळीस जण चाळीस गोष्टी करतील. आणि काहीही न सांगता 'पुन्हा एकदा' म्हणालात, तर तीच चूक आणखी पक्की होईल.

एका सेक्शनवर दहा मिनिटं घालवत असाल तर बाकीच्यांना काम द्या, नाहीतर ते मोबाइल काढतील. तबलजी किंवा ड्रमवाला असेल तर तो आधी वाजवायला लागेल.

माझी मुलगी दुसऱ्या व्हायोलिनला का? पहिल्याला का नाही?

दुसरं व्हायोलिन म्हणजे दुसऱ्या दर्जाचं व्हायोलिन, हा समज जात नाही. पहिलं बहुधा चाल वाजवतं, आणि चाल ऐकून तोल सांभाळता येतो. दुसऱ्याला आधार नसतो. मधले सूर आणि ऑफबीट (दोन बीटांच्या मधे पडणारे सूर) स्वतः मोजून वाजवावे लागतात. कान पक्का असलेली मुलं मी मुद्दाम तिथे ठेवते. चांगल्या शिक्षकाने मुलांना वर्षभरात दोन्हीकडे फिरवावं. तसं होत नसेल तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे, पण तालमीच्या मधे नको.

मुलाचा आवाज फुटतोय. वृंदगान बंद करू का?

बंद करू नका. साधारण १२ ते १५ या वयात मुलांचा आवाज सप्तकभर खाली येतो आणि मधले काही महिने तो बेभरवशाचा असतो. त्या काळात चार-पाच स्वरांच्या मर्यादेत, न ताणता, सोपी ओळ द्या. कोणते स्वर आज आहेत हे दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. उभं राहून नुसते ओठ हलवायला सांगितलेला मुलगा बहुतेक वेळा गाण्याकडे परत येत नाही.

आवाजाने कान बिघडतात का?

बिघडू शकतात. ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास ही नेहमी सांगितली जाणारी मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. लहान खोलीत ब्रासच्या (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन अशा पितळी वाद्यांच्या) तोंडासमोर बसलेल्याचा दिवसाचा कोटा एका तालमीत संपू शकतो. ब्रासला पायरीवर चढवा, मधे जागा सोडा, वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात ते वापरा. स्वतःसाठीही घ्या.

ऑनलाइन तालीम होते का?

शिकवणी होते, एकत्र वाजवणं नाही. दोन वादकांमधला उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की लय ओढायला लागते, आणि साध्या व्हिडिओ कॉलमध्ये तो याच्या कितीतरी पट असतो. ओळी समजावणं, रेकॉर्डिंग ऐकून चर्चा करणं, एकेकट्याचं ऐकणं यासाठी वापरा.

कार्यक्रमात मधेच विस्कटलं तर?

थांबू नका आणि चेहरा बदलू नका. खुणा लहान व स्वच्छ करा, पहिली बीट मोठी. जास्त लोक जिथे आहेत तिकडे तुम्ही जा, भले ते चुकीचे असोत. स्कोअरमध्ये आणि सगळ्यांच्या कागदांवर जागा ओळखण्यासाठी ए, बी, सी अशी अक्षरं असतात; पुढच्या अक्षराच्या जागेआधी ते अक्षर ओठांनी सांगा, 'डी', आणि तिथे ठळक हात द्या. तालमीत मुद्दाम एकदा विस्कटून हे करून ठेवा. श्रोत्यांना फार कमी कळतं. त्यांना कळतं ते तुमच्या खांद्यांवरून.

टाळ्यांच्या वेळी कुणाला उभं करायचं?

सोलो वाजवणाऱ्यांना एकेक करून, मग सेक्शन, मग सगळ्यांना. नावं आणि क्रम स्कोअरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा, कारण त्या क्षणी डोकं रिकामं असतं. सगळ्यात मागे, उजव्या कोपऱ्यात ट्रँगल वाजवणारी मुलगी राहून जाते. तिचं नाव सगळ्यात वर लिहा.